अंगणातलं आयर्लंड

वर्षाच्या पत्राला जिवा मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं, याला आता सहा आठवडे होत आले होते. पत्र एका जाड पुस्तकात ठेवलेलं होतं आणि ते पुस्तक मास्तर रोज उघडत. म्हणजे विसरलो म्हणायचीही सोय नव्हती.

लेक आयर्लंडमध्ये नर्स. तिनं लिहिलं होतं, "बाबा, फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते. कॉर्क, गॉलवे आणि अॅथलोन, तिन्हीकडे मला नोकरी मिळतेय. थोरला सप्टेंबरात शाळेत जाईल, धाकटी दीड वर्षाची झाली. एकदा शाळा सुरू झाली की तिथून हलायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तुमच्या बदल्यांपायी मी चार गावं पाहिली. पोरांना कुठं करमतं ते तुम्हालाच कळतं. तुम्ही सांगाल तिथं राहू."

मास्तरांना तसं काही कळत नव्हतं. बदली होईल तिथं ते पुस्तकांची पेटी आणि पोर घेऊन गेले होते, इतकंच. बायको गेल्यावर जव्हारच्या घरात ते एकटे होते, आणि कुठल्याही गावाचं नाव लिहिलं की कायमचे एकटे होणार होते. 'हलायचं नाही' या शब्दांशी येऊन रोज पुस्तक मिटत असे.

शेवटी त्यांनी पोशेऱ्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी धाकली तांदळाचं गाठोडं घेऊन एसटीतून उतरली.

"मास्तर ना तू? आन तुला एक गाव निवडता येत नाय?"

"चुकलं तर काय, अशी भीती वाटते गं."

"मंग दाण्यांना इचारू."

त्यांच्या घराण्यात नवं घर बांधण्याआधी जागेवर तांदळाचे सात दाणे मांडून वर पळसाचं पान झाकत. सकाळी सात भरले तर जागा चांगली. एखादा कमी भरला, तर जागा नको म्हणते.

"पण जागा तिकडं आहे," मास्तर म्हणाले.

"नकाशा हाय ना तुझ्याकडं? काढ अंगणात."

मास्तरांनी संध्याकाळपर्यंत वाकून वाकून चुन्याच्या भुकटीनं अख्खं आयर्लंड काढलं. किनाऱ्याच्या खाचाखोचासुद्धा सोडल्या नाहीत. तीन गावांवर धाकलीनं सात-सात दाणे मांडून पानं झाकली.

सकाळी शेजारचे लियाकतभाई शिंपी गळ्यातला टेप हातात घेऊन अंगणात उभे.

"मास्तर, आखणी केली, दाणे मांडले, घर बांधताय आणि शेजाऱ्याला खबर नाही? पाया सीधा माझ्या खिडकीखाली येतोय!"

"ते... ते आयर्लंड आहे."

"कोणाचं पण असू दे! खिडकीपासून तीन फूट सोडायचं!"

त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. तोवर धाकलीनं पानं उचलली. तिन्हीकडे सहा-सहाच दाणे.

"तिन्ही जागा नको म्हणतात," मास्तर जरा घाईनंच म्हणाले. "राहू दे मग. वर्षाला कळवतो, तिकडं जागाच चांगली नाही. इकडंच या म्हणावं."

धाकलीनं लियाकतभाईंकडे पाहिलं. "जागा कसाला नको म्हणंल? याच्या कोंबड्या आल्या असतील!"

"माझ्या कोंबड्या?" लियाकतभाई उसळले. "पान उचलतात, एकच दाणा खातात आणि पान परत झाकून ठेवतात? शाळेत जातात काय त्या?"

तरी भल्या माणसानं त्या दिवशी सगळ्या कोंबड्या कोंडल्या. धाकलीनं पुन्हा सात-सात दाणे मांडले, पानांवर टोपल्या पालथ्या घातल्या, टोपल्यांवर दगड ठेवले. सकाळी दगड जागेवर, टोपल्या जागेवर. दाणे पुन्हा सहा-सहा.

"मास्तर," लियाकतभाई हळू आवाजात म्हणाले, "ये मुल्क अपने को नहीं जमेगा."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा सहा आठवड्यांत प्रथमच खुलला होता.

धाकलीनं तरी रात्री पुन्हा दाणे मांडले आणि तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच ती दारात येऊन उभी राहिली. मास्तर गॉलवेपाशी उकिडवे बसले होते. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताच्या चिमटीत दाणा.

"दादा."

"मुंगी होती. काढत होतो."

"खिसा दाखव."

सदऱ्याच्या खिशातून सहा दाणे निघाले. धाकली हसली नाही. तीही चुना बाजूला सारून त्यांच्याजवळ खाली बसली.

"तुला वाटतं वर्षा गाव इचारते? कायमची जाऊ का, म्हणून इचारते ती."

"मग मी इथं काय करू?"

"मी काय करते पोशेऱ्याला? माझा संदीप भिवंडीला गेला तवा मला कोनी इचारलं? तुला निदान कागद तरी आला."

मास्तर टोपली बाजूला ठेवून उठले. मग आत गेले आणि चौथ्या कागदावर उत्तर एकदाचं जमलं.

"गॉलवेला राहा. तिथं पाऊस आपल्यासारखाच पडतो, असं पुस्तकात आहे. मला खात्री नाही. चुकलं तर चूक माझी. शाळा चालत जाण्याजोगी बघ. थोरल्याला पहिल्या दिवशी सोडलंस की लगेच निघू नकोस. कुंपणाबाहेर थोडं थांब. मी थांबत असे, तुला ठाऊक नसेल."

पोस्टात बाईंनी वजन केलं, तिकिटं लावली. मास्तरांनी पाकीट बाहेरच्या पेटीत टाकलं आणि शेजारच्या कट्ट्यावर बसले. दुपारी पोस्टमन पेटी उघडायला आला तेव्हाही ते तिथंच होते.

"काय मास्तर, पत्र परत पायजे?"

"नाही, नाही," मास्तर उठून उभे राहिले. "सोडायला आलोय."