नऊ नंबरची खाट रिकामी नको

"जयवंता, तपासणीच्या दिवशी फळी रिकामी दिसता कामा नये. माल नसेल तर मालासारखं काहीतरी ठेव, पण फळी भरलेली दिसली पाहिजे."

गोविंदरावांचा हा आवाज जयवंतरावांच्या कानात चौतीस वर्षं मुक्कामाला होता. गोविंदराव म्हणजे बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या पंपांच्या कारखान्यातले स्टोअरचे जुने साहेब. ते जाऊनही बराच काळ लोटला. पण दळण संपलं तरी जात्याची घरघर कानात राहते ना, तसा तो आवाज राहिला होता.

त्या आवाजाच्या जोरावर जयवंतरावांनी नोकरीत एक बोल्ट हरवू दिला नाही आणि एका माणसावर विश्वास ठेवला नाही. दूधवाल्यावर त्यांचा संशय होता, रिक्षाच्या मीटरवर होता, हवामान खात्यावर तर होताच होता. "मला फसवणारा अजून जन्मायचाय," असं ते तरसालीच्या सोसायटीतल्या बाकावर बसून सांगत आणि सांगता सांगता बाकाचे चारही पाय जागेवर आहेत ना, ते वाकून बघून घेत.

अशा माणसाच्या घरात महागडं इंजेक्शन आलं.

त्यांच्या पत्नीला, निरुपमाबाईंना, संधिवात होता. साधा नव्हे, बोटं वाकडी करणारा. पोळी लाटणं सुटलं, वेणी घालणं सुटलं, साडीच्या निऱ्या जयवंतराव धरू लागले आणि प्रत्येक निरी मोजू लागले. शेवटी निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांनी हे नवं औषध सुचवलं. दर दोन महिन्यांनी सलाईनमधून द्यायचं. किंमत ऐकून जयवंतरावांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "यात हात बरा होतो की नवा मिळतो?"

पण गुण आला. दुसऱ्या इंजेक्शननंतर निरुपमाबाईंची मूठ मिटू लागली. आणि मिटलेल्या मुठीत त्यांनी एक आशा धरून ठेवली. मुलगी मोहना दिवाळीला बाळंतपणासाठी बडोद्याला यायची होती. नातवंडाला आपल्या हातांनी न्हाऊ घालायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्यासाठी दिवाळीपर्यंत इंजेक्शन चुकता कामा नये. पहिली दोन प्रॉव्हिडंट फंडातून निभली. पुढची निभायची तर विमा कंपनीने क्लेम मंजूर करायला हवा होता.

आता कंपनीचा नियम असा, की पेशंट पुरते चोवीस तास दवाखान्यात असेल तरच खर्च मिळेल. इंजेक्शन चढायला दोन तास लागत. म्हणजे दोन तास औषध आणि बावीस तास नियम.

तेवढ्यावर भागलं असतं तर जयवंतराव शांत राहिले असते. पण पत्र आलं. 'आपली पॉलिसी तीन वर्षांची आहे. डॉक्टरांच्या पहिल्या केसपेपरवर पाच वर्षांचं दुखणं अशी नोंद आहे. आजार पॉलिसीच्या आधीचा असल्यास क्लेम देता येणार नाही. पुढच्या भरतीच्या वेळी आमचा माणूस समक्ष भेटेल.'

"पाच वर्षं?" जयवंतरावांनी पत्र उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. "हे डॉक्टरांचं काम आहे. कंपनीशी संगनमत."

"अहो, डॉक्टर कशाला असं करतील?" निरुपमाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

"त्यांच्या केबिनमध्ये विमा एजंटचं कॅलेंडर आहे. मी तेव्हाच पाहिलं होतं."

"आपल्या स्वयंपाकघरात पण आहे."

"तेही मी आजच काढणार आहे."

त्यांनी कंपनीला चार पानी खुलासा लिहिला. पत्नीचा हात गेल्या वर्षी संक्रांतीला, तिळगुळाच्या पाकाची कढई उतरवताना, प्रथमच दुखला. त्याआधी कसलीही तक्रार नव्हती. हे शेवटचं वाक्य लिहिताना पेन दोनदा अडलं. जयवंतरावांनी रिफिलवर संशय घेऊन ती बदलली.

भाद्रपदातल्या एका सकाळी निरुपमाबाई तिसऱ्यांदा भरती झाल्या. दुसरा मजला, खिडकीजवळ, खाट नंबर नऊ. औषधाची बाटली बर्फाच्या डब्यातून आली, तेव्हा जयवंतरावांनी डब्यात बोट घालून बर्फ खरा आहे ना ते पाहिलं. सलाईन सुरू झाल्यावर थेंब मोजायला बसले.

"काका, आ मशीन गणे छे," नर्स म्हणाली.

"मशीनला पगार कोण देतं?" जयवंतराव म्हणाले आणि मोजत राहिले.

बारापर्यंत बाटली संपली. निरुपमाबाईंनी बोटं उघडली, मिटली, परत उघडली. कळी उमलून बघावी तसं.

"जरा खाली जाऊन येते," त्या म्हणाल्या. "बाळंतिणींच्या वॉर्डात पादरा गावची एक मुलगी आहे. सकाळी जिन्यात भेटली तिची सासू."

"खाट सोडायची नाही. बावीस तास बाकी आहेत."

"पाठीला खाट चिकटली माझ्या."

"चिकटू दे. त्यांचा माणूस कधीही येईल. आणि आला की विव्हळायचं. फार नाही, मध्यम."

"मला विव्हळता येत नाही."

"पण इतकं दुखतं तुला."

"म्हणूनच येत नाही," निरुपमाबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

जयवंतराव पाण्याची बाटली भरायला गेले. कूलरचा फिल्टर केव्हा बदलला, याची वॉर्डबॉयकडे चौकशी करण्यात पाच मिनिटं गेली. परत येऊन पाहतात तो नऊ नंबरची खाट मोकळी. उशीवर डोक्याचा खळगा तेवढा शिल्लक.

त्यांनी खिडकीतून डोकावलं. फाटकाशी एक सडपातळ माणूस स्कूटर लावत होता. हातात फाईल, खिशाला दोन पेनं. वॉचमनला काहीतरी विचारून त्यानं मान वर केली आणि थेट दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजू लागला. तपासणीचा माणूस. चौतीस वर्षांत जयवंतरावांनी असे पुष्कळ पाहिले होते. ते चालत येत नाहीत, पडताळत येतात.

खाली जाऊन निरूला आणायला वेळ नव्हता. जिन्यात पावलं वाजू लागली. खाट रिकामी. आणि नेमका त्या क्षणी कानात गोविंदरावांचा आवाज उठला. माल नसेल तर मालासारखं काहीतरी ठेव.

माणूस एरवी कितीही शहाणा असो, त्याचा जुना धंदा त्याच्या हातापायांना आधी कळतो. जयवंतराव चपला काढून खाटेवर चढले, बायकोची जांभळी शाल डोक्यावरून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. फळी भरली.

"बेन?" आवाज आला. "हुं कीर्तिभाई. विमा कंपनी तरफथी आव्यो छुं."

शालीतून एक मध्यम विव्हळणं निघालं. स्वतः नेमून दिलं होतं, तेवढंच. पण बारीक काढायला गेलेला आवाज मध्येच फाटला आणि दारुड्या बेडकासारखा आला.

"सुई रहो, बेन, झोपून राहा. मी थांबतो," कीर्तिभाई म्हणाले. बडोद्यात जन्म गेलेल्या माणसाला मराठी येणारच. ते स्टुलावर बसले. खिशातून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढून एकेक दाणा सोलू लागले.

जयवंतरावांचा हिशेब असा होता, की पेशंट झोपलाय म्हटल्यावर माणूस सही करून जाईल. पण कीर्तिभाई पेन्शन घ्यायला बसल्यासारखे बसले. शाल लोकरीची होती, आणि भाद्रपदातलं बडोदं म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. नाकाच्या शेंड्यावर घाम जमला. खाज सुटली. शालीखालून त्यांचा एक पाय हवेसाठी हळूच बाहेर आला. भला मोठा, केसाळ, अंगठ्याला जुनी ठेच.

कीर्तिभाईंनी पायाकडे पाहिलं. मग फाईल उघडून पाहिली. 'स्त्री, वय अठ्ठावन्न.' मग परत पायाकडे पाहिलं आणि एक दाणा तोंडात टाकला.

तेवढ्यात जिन्यातून गुणगुणणं वर चढत आलं.

"सुकल्या फांदीला ग आली कोवळी पालवी,
बाळाची टाळू माझ्या पाची बोटांना बोलावी…"

निरुपमाबाई दारात थांबल्या. "कोण आपण?"

"विमा कंपनीचा. आ पेशंटला भेटायला आलोय."

"पेशंट मी आहे."

"तो आ कोण छे?"

निरुपमाबाईंनी खाटेकडे पाहिलं. शाल त्यांची होती, पाय ओळखीचा होता. त्या तसूभरही गडबडल्या नाहीत.

"ते आमचे मिस्टर. दुपारचे जरा पडतात."

"ते विव्हळले."

"स्वप्नात कोणीतरी उधार मागितलं असेल."

आता उठावं, तर का झोपलो ते सांगावं लागेल. जयवंतरावांनी ठरवलं, की आपण झोपलेलोच बरे. शालीच्या आत त्यांनी डोळे गच्च मिटले आणि कान उघडे ठेवले.

"तुम्ही कुठे गेला होता, बेन?"

"खाली. पादरा गावच्या एका मुलीला बाळ झालंय, त्याला मांडीवर घेतलं. खोटं कशाला सांगू, औषध बारालाच संपलं. आता मला काही होत नाही. तुमच्या नियमासाठी उद्या सकाळपर्यंत राहायचंय."

शालीतला जीव थंड पडला. घाम मात्र चालूच होता.

कीर्तिभाईंनी मान हलवली. "नियम छे. मी नाही केला. आता मला एकच सांगा. दुखणं केव्हापासून? काकांनी लिहिलंय गेली संक्रांत. डॉक्टर म्हणतात पाच वर्षं. कोण खोटं?"

वॉर्डातला पंखा घरघरला. शालीखाली जयवंतराव मनातल्या मनात ओरडत होते. संक्रांत म्हण, निरू. कढई म्हण.

"डॉक्टर खरं बोलतात," निरुपमाबाई म्हणाल्या. "त्यांना पाच वर्षं मीच सांगितलं. हे तेव्हा बाहेर रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत होते."

"काकांना का नाही सांगितलं?"

"मोहनासाठी स्थळं बघत होतो तेव्हा. आईला सांध्यांचं दुखणं आहे म्हटलं, की लोक विचारतात, घराण्यात आहे का. म्हणून गप्प बसले. मग तिचं लग्न झालं. मग हे रिटायर झाले, दिवसभर घरात चिडचिडे झाले. आधी सांगायची वेळ आली नव्हती, मग निघून गेली. रात्री बाम लावायची आणि बांगड्या चढवून झोपायची, की हात सुजलेला दिसू नये."

"कोई डॉक्टर? गोळ्या?"

"कुणाला नाही दाखवलं."

कीर्तिभाई बराच वेळ लिहीत राहिले. मग पेन थांबलं. "जुओ बेन. डॉक्टरला दाखवलं नाही, औषध घेतलं नाही, आणि पॉलिसीचा फॉर्म भरणाऱ्या काकांना ठाऊकच नव्हतं. असं असेल तर काकांनी काही लपवलं नाही. क्लेम नियमात बसतो. फक्त काकांची सही लागेल, की मला कल्पना नव्हती. ठाऊक असूनही लिहिलं नसेल तर मात्र काही मिळणार नाही. ते उठले की…"

"ते जागे आहेत," निरुपमाबाई म्हणाल्या. "झोपले असते तर त्यांच्या घोरण्यात माझं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नसतं."

शाल हलली. आतून जयवंतराव निघाले, भिजलेले, केस उभे, नाक लाल. उकडलेलं बीट सालातून काढावं तसे. त्यांनी कीर्तिभाईंना नमस्कार केला. कीर्तिभाईंनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. त्यांनी खवट आहेत का ते हुंगून न बघता दोन दाणे घेतले, यावरून त्यांची अवस्था कळावी.

"काका, खबर नहोती ने?"

कागद पुढे होता. निरुपमाबाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांच्या पाठमोऱ्या उभं राहण्यात एक प्रश्न होता, जो क्लेमबद्दल नव्हता.

जयवंतरावांनी पेन घेतलं. या वेळी रिफिलला दोष दिला नाही. "नव्हती," म्हणाले आणि सही केली. प्रत्येक कागद तीनदा वाचणाऱ्या माणसानं हा एकदाही वाचला नाही.

"बस," कीर्तिभाईंनी फाईल बांधली. "दिवाळीचं इंजेक्शन घ्या निरांते, अगदी निवांत. आणि काका, परत कधी पेशंट व्हायचं झालं तर पाय आत ठेवा."

त्यांची पावलं जिना उतरून गेली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"झालं ना मनासारखं," निरुपमाबाई तशाच उभ्या राहून म्हणाल्या. आवाज शांत होता, पण ओलसर. "रिक्षाचं मीटर दहा पैसे पळालं तरी तुम्हाला कळतं. पाच वर्षं शेजारी निजले, त्यातलं काही कळलं नाही. चुकी माझीच. मीच लपवलं."

जयवंतराव उठले. त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. खाटेखाली पाहिलं. खिडकीतून वाकून स्कूटर खरंच फाटकाबाहेर गेली ना, याची खात्री केली आणि खिडकी लावून घेतली. मग बायकोजवळ येऊन इतक्या हळू आवाजात बोलले, की तो आवाज त्यांचा आहे यावर त्यांचाच विश्वास बसला नसता.

"निरू, ही पाच वर्षं लोणच्याच्या बरणीचं झाकण तुला रोज सैल मिळायचं ना? ते मी रात्री फिरवून ठेवायचो. तुला लपवायचं होतं, म्हणून बोललो नाही. एकदा जास्तच सैल झालं आणि सगळं तेल ओट्यावर सांडलं. त्या दिवशी तू शेजारच्या मांजराला झाडूनं मारलंस. ते मांजर नव्हतं."