पोटदानाचा मान

अख्ख्या अणदुरात माझ्यासारखं पोट कुणाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंगतीत बारा लाडू हाणले तरी सकाळी मी वेळेवर मोकळा!

म्हणून डॉक्टर अर्पितांनी सोलापूरच्या दवाखान्यात निरोगी माणूस मागितला, तेव्हा मी लगेच हात वर केला. आमचे महालिंगप्पाकाका महिनाभर जुलाबानं आडवे होते. एकही अँटिबायोटिक लागू पडेना, उलट पोटातले चांगले जंतू तेवढे मेले. काकांची नुसती हाडं उरली होती. आता दुसऱ्याच्या शौचातले चांगले जंतू नळीनं त्यांच्या आतड्यात सोडायचे, हा एकच उपाय राहिला होता. काकू माझ्याकडं देवाकडं बघावं तशा बघत होत्या.

तपासणीला निघताना गावानं मला ओवाळलं, सरपंचांनी शाल घातली. त्या गडबडीत मला दोन शिंका आल्या. एवढी मोलाची वस्तू द्यायची, जोखीम नको, म्हणून मेडिकलवाल्याकडून नेहमीची गोळ्यांची पुडी घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का? मी म्हटलं, छे, फक्त सर्दीची पुडी! उरलेल्या गोळ्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला. सर्दीला उपयोग शून्य, पण पुडीत होतं अँटिबायोटिकच. अंगावर शाल असताना मी बाद झालो.

बाहेर बाकावर शरणप्पा बसले होते. बांधावरून काकांचं त्यांच्याशी बारा वर्षं बोलणं नाही, त्यांच्या घरचं पाणीही काका पीत नाहीत. पण आजाऱ्याला बघायला जावं लागतं, म्हणून ते यायचे आणि खोलीत न शिरता परत जायचे. भाकरी, ताक आणि कष्ट. गोळी कशी असते ते ठाऊक नाही. काकूंनी त्यांच्यापुढं पदर पसरला. ते लाजले आणि तयार झाले. सगळ्या तपासण्यांत पास!

आता काकांना विचारणं आलं. काकूंनी नाव सांगितलं.

"पाणी पिणार न्हाय म्हणलं व्हतं," काका म्हणाले. "ह्याचं काय बोलणं झालं नव्हतं. सोडा."

आठवड्यात काकांनी दहीभात मागितला. गावी आल्यावर ते काठी टेकत थेट शरणप्पांच्या ओट्यावर गेले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. माझे डोळे भरून आले.

सरपंचांनी माझ्या खांद्यावरची शाल काढून शरणप्पांना घातली. सर्दी तेवढी अजून माझ्याकडंच आहे.