वहिनींचा साखरेचा डबा

शुगर आटोक्यात ठेवायची माझी युक्ती भल्याभल्या डॉक्टरांना सुचली नसती! दारूत साखर नसते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मग काय, ज्या दिवशी ग्लास घ्यायचा त्या दिवशी नाश्ता बंद, जेवण बंद! शुगरची गोळी मात्र नेमाने घ्यायची. शिस्त म्हणजे शिस्त!

निमित्त होतं दादाच्या वाढदिवसाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं मिळून कपाटं-टेबलं बनवायचो. दर वाढदिवसाला दुपारी करवत बाजूला ठेवून कारखान्यातच आमचा एकेक ग्लास व्हायचा. गेल्या वर्षी दादा झोपेतच गेला. हार्ट असावं, असं सगळे म्हणाले. वहिनी मात्र उठून आत निघून गेल्या.

यंदा त्याची अर्धी राहिलेली बाटली मी त्याच्याच घरी, त्यानेच बनवलेल्या टेबलावर उघडली. समोरची खुर्ची रिकामी. पहिला ग्लास मी एकट्यानेच संपवला.

"अहो, आधी दोन घास खाऊन घ्या!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"डाएट आहे माझं!" असं ठणकावून मी दुसरा ग्लास भरला.

थोड्या वेळाने टेबल कललेलं दिसायला लागलं. दादाचं टेबल आणि कललेलं? छे! मी खाली बसलो आणि पायाखाली पाचर म्हणून बायकोची चप्पल ठोकायला लागलो.

"हे काय चाललंय?"

"दादा चिडेल! पातळी बघ, पातळी!"

"जाऊबाई, या बघा! दोन ग्लासांत यांचं विमान उडालं!"

मला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. दाराआड खुंटीवर दादाचा शर्ट अजून तसाच लटकत होता. मी त्याची बाही ओढून म्हणालो, "तू धर, मी ठोकतो!"

पुढचं मला बायकोने सांगितलं. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजच्या दिवशी तरी ताळतंत्र ठेवायचं होतं!" म्हणत तिने मला ओढत नेऊन दादाच्या पलंगावर आडवं केलं. "पडा गप! झोपू द्या हो यांना. उतरेल आपोआप."

वहिनींच्या हातातलं पातेलं धाडकन खाली पडलं.

"झोपू देऊ नकोस! उठव त्यांना! साखर, साखर आण!"

"साखर? दारू प्यायलेल्याला?" बायकोने सगळे डबे उघडले. पीठ, डाळ, मीठ! साखरेचा पत्ताच नाही. शेवटी वहिनी स्वतः स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरच्या जुन्या गोधड्यांमागून एक डबा ओढून काढला. मला बसतं करून त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. मी म्हणे त्यातही "पाचर घट्ट बसली का?" असं विचारत होतो.

हळूहळू भिंती जागेवर आल्या. वहिनी हातात चमचा घेऊन शेजारी बसल्या होत्या.

"वर गोळी, खाली रिकामं पोट, आणि त्यात दारू. साखर एकदम खाली जाते, भाऊजी. माणूस प्यायल्यासारखाच बरळतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे गेल्यावर एकटीच डॉक्टरांकडे गेले होते मी. यांचीही शुगरची गोळी चालू होती ना." चमचा त्यांच्या बोटांत फिरत राहिला. "त्या रात्री तेही पिऊन असेच बरळत होते, आणि मी रागावले होते त्यांच्यावर. म्हटलं, झोपू दे, उतरेल."

बायकोने पुन्हा साखरेचं पाणी माझ्या तोंडाशी धरलं.

"आणि डबा मीच लपवून ठेवला होता. चोरून गोड खायचे ना."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "वहिनी, ते टेबल खरंच कललंय हो."

वहिनींनी वाकून पाहिलं.

"आधी चप्पल काढा खालची," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता त्यांचा बांध फुटला. दादा गेला तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. बायकोने त्यांना जवळ घेतलं आणि मी गुपचूप टेबलाखाली शिरून चप्पल काढली.

टेबल सरळच होतं. डबा आता त्याच्या मधोमध असतो, सहज हाताला येईल असा. आणि माझी ती युक्ती? विचारू नका. मी आता आधी जेवतो.