मोटारीचं सील

पुराव्याचा मान राखणं हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. पुरावा उघडून बघणं हे संशयी समाजाचं. पारनेर तालुक्यातलं चिंचमाळ हे गाव पहिल्या प्रकारात मोडतं, आणि त्याचं बरंचसं श्रेय मार्तंड कुलकर्णी यांना जातं. त्यांना ते मान्य नाही, पण खरं आहे.

मार्तंडनाना कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन गावी आले ते कोर्ट बरोबर घेऊनच आले. पारावर बसले की मुद्देमालाच्या गोष्टी सांगायचे. चोरीची घागर असो की भांडणातली कुऱ्हाड, एकदा ती कापडात बांधून लाखेचं सील लागलं की न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय तिला हात लावायचा नाही, हे वाक्य ते अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याचा हात आपोआप मागे जाई. साऱ्या कायद्यातलं गावाला हे एवढंच कळलं. पण ते पक्कं कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर गावच्या विहिरीतली पाण्याची मोटार नाहीशी झाली. ग्रामपंचायतीने चौकशी समिती नेमली. समितीने विहिरीत वाकून पाहिलं, मोटार तिथे नाही असा निष्कर्ष एकमताने काढला, चहा घेतला आणि ती विसर्जित झाली. मग आप्पासाहेबांची सभा झाली.

आप्पासाहेब हे गावचे नेते. त्यांच्याकडे कुठलंही पद नाही (त्यामुळे कुठलीही चूक त्यांच्या नावावर नाही). त्यांच्या भाषणाचे तीन भाग असतात: पूर्वजांचा पराक्रम, येऊ घातलेला विकास आणि खिशातला पुरावा. पहिले दोन भाग श्रद्धेने ऐकायचे असतात आणि तिसऱ्याला टाळ्या वाजवायच्या असतात. एका पाहणीनुसार चिंचमाळमधल्या शंभरातल्या ब्याण्णव जणांना आप्पासाहेबांचं भाषण पटतं. उरलेले आठ जण कर्ण्याच्या अगदी पुढ्यात बसतात, त्यांना शब्द कळत नाहीत, पण टाळ्या तेही वाजवतात.

त्या दिवशी आप्पासाहेबांनी जाहीर केलं की मोटार छगनने विकली. छगन म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. रोज पहाटे टाकीखालचा कॉक फिरवायचा, एवढंच त्याचं काम. मागल्या निवडणुकीत तो समोरच्या पार्टीच्या सभेत टाळ्या वाजवताना दिसला होता, पण त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नसावा.

“पुरावा माझ्याकडं हाय,” असं म्हणून आप्पासाहेबांनी लाल कापडात बांधलेलं, लाखेचं सील लावलेलं एक गाठोडं उंच धरलं. ते सील पाहून गाव गहिवरलं. इतकी वर्षं नानांच्या तोंडून ज्याची कीर्ती ऐकली, ते साक्षात दर्शन देत होतं.

छगनचं काम गेलं. पिठाच्या गिरणीत तो शिरला की बोलणं थांबायचं. त्याच्या बायकोला, छबूबाईला, हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. शेवटी तो नानांच्या ओट्यावर येऊन बसला.

“नाना, मी मोटार इकली न्हाई. पर मला इचारायलाच कोन तयार न्हाई.”

नानांना त्याची मनापासून कणव आली. शिवाय, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी त्यांच्याकडे न्याय मागायला आलं होतं.

ग्रामसभेत नाना उभे राहिले आणि म्हणाले, गाठोडं उघडा. बैलांच्या दातांवरून वय सांगणारे हनुमंतराव गावातले जाणते. त्यांनी नानांना हळुवारपणे आठवण करून दिली. “नाना, तुमीच सांगितलं हुतं. सील लावल्याव हात लावायचा न्हाई.” नानांनी परोपरीने समजावलं की ते सील कोर्टाचं असावं लागतं, नुसती लाख काय, बाजारात कोणालाही मिळते. लोकांनी ऐकून घेतलं. वयोमानाने माणसाचं असं होतं, अशी हळहळ व्यक्त करून सभेने ठराव केला की, भर सभेत पुराव्याचा उपमर्द झालेला असल्याने त्याचा जाहीर सत्कार करण्यात यावा.

सत्कार देखणा झाला. गाठोडं खुर्चीवर बसवलं, त्याला शाल पांघरली. गाठोड्याला फेटा कसा बांधावा यावर थोडा खल झाला, पण मनात आणलं तर आपल्या माणसांना काय अशक्य आहे? शाळेच्या दिपाली मॅडमनी सत्कारमूर्तींचा परिचय करून दिला (परिचय दीर्घ होता, गाठोड्यात काय आहे ते सोडून त्यात सगळं होतं). पुरावा संवर्धन समिती स्थापन झाली. चौकात फलक लागला, मध्यभागी गाठोडं आणि भोवती शुभेच्छुकांचे फोटो. शेजारच्या गावची शाळा सहलीला येऊन, रांगेने दर्शन घेऊन गेली.

गाठोडं व्यासपीठावरून उतरवण्याचा मान कायद्याचे जाणकार म्हणून नानांना देण्यात आला. त्यांनी ते कानाशी नेऊन हळूच हलवलं. आत नारळातलं पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला. आप्पासाहेबांचे सत्कार इतके होतात की त्यांच्या घरात नारळांना तोटा नाही. नानांनी गाठोडं अलगद खाली ठेवलं. बोलून काय होतं ते त्यांना कळून चुकलं होतं.

आणि आठवड्याभरात सुप्याहून एक टेम्पो आला. त्यात कल्याण होता, मोटारी दुरुस्त करणारा, आणि त्याच्याशेजारी गावाची मोटार होती.

“वाइंडिंग कवाच झालंय,” कल्याण म्हणाला. “कोन न्यायलाच येईना, दुकानात जागा अडली. आप्पासाहेबांच्याच गाडीतनं आल्ती की.”

मोटार पारापाशी उतरवली. नानांना नाचावंसं वाटलं. छगन मोटारीवरून हात फिरवत होता, हरवलेली म्हैस परत आल्यावर फिरवावा तसा. गाव गोळा झालं आणि आप्पासाहेबांच्या तोंडाकडे पाहू लागलं. आप्पासाहेबांनी मोटार सावकाश चहूबाजूंनी न्याहाळली आणि एकच प्रश्न विचारला.

“हिला सील कुठं हाय?”

गावाने मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. उघड्यावर पडलेली वस्तू, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी. जे कोणालाही दिसतं त्याला पुरावा म्हणायचं तर कोर्टकचेऱ्या हव्यात कशाला?

नाना तसेच घरी गेले. परत आले ते जुनं लाल कापड, लाखेची कांडी, मेणबत्ती आणि देवघरातली पितळी घंटा घेऊन. सगळ्यांसमक्ष त्यांनी मोटार बांधली, गाठीवर लाख ओतली आणि घंटेचा दांडा त्यावर दाबला. आयुष्यभर ज्या कायद्याची बूज राखली त्याची आपण थट्टा करतो आहोत, हे त्यांना कळत होतं आणि लाजही वाटत होती. पण समोर छगन उभा होता.

मोटार उचलून ग्रामपंचायतीत आप्पासाहेबांच्या गाठोड्याशेजारच्या खुर्चीवर ठेवायला चौघे लागले. खुर्ची मोडली. निकाल तिथेच लागला.

“ह्यो पुरावा लई वजनदार हाय,” हनुमंतराव म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. छगन निर्दोष ठरला. आप्पासाहेबांनी त्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधला आणि छोटंसं भाषण केलं. छगन निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याचाही पुरावा आपल्याकडे आहे, असं ते म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या. छबूबाईने नानांच्या पाया पडून डोळ्याला पदर लावला. नानांचेही डोळे भरून आले. सत्य जिंकलं होतं, कोणी बघितलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी छगन मोटार बसवायला निघाला तर पुरावा संवर्धन समिती आडवी आली. सीलबंद मुद्देमाल विहिरीत कसा सोडणार? नाना धावत आले, म्हणाले, सील मी लावलंय, मीच फोडतो. हनुमंतरावांनी त्यांना अदबीने विचारलं, “नाना, तुमी न्यायाधीश हाय का?” नाना न्यायाधीश नव्हते.

तेव्हापासून मोटार ग्रामपंचायतीत नव्या, मजबूत खुर्चीवर आहे. तिला रोज हार बदलतात. गावाला टँकर येतो. छगनला काम परत मिळालं असून तो रोज पहाटे जाऊन कोरडा कॉक नेमाने फिरवतो.

“नाना,” तो परवा म्हणाला, “माझं नाव धुतलंत, लई उपकार झालं. आता भांडी कशानं धुवायची त्येवढं सांगा.”

चिंचमाळच्या भोळेपणाला हसून झालं असेल, तर एक किरकोळ बाब. वर ब्याण्णव जणांचा आकडा आला, ती पाहणी कोणी केली हे आपण विचारलं नाहीत. आप्पासाहेबांच्या गाठोड्याचं सील अजून शाबूत आहे, आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. तरी त्यात नारळच आहे याबद्दल आपल्या मनात तिळमात्र शंका नाही. समितीला आपल्यासारखी माणसं हवीच आहेत. पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे, येताना हार तेवढा आणावा.