भिंतीवरचा देवमासा

"प्रोजेक्टर? त्यात काय आहे! आम्हाला शाळेत शिकवलंय," तंद्री म्हणाली आणि पाणीखात्याच्या सगळ्या कचेरीने सुटकेचा निःश्वास टाकला. कारण त्या यंत्राला हात लावायची तिथे कुणाची छाती नव्हती.

तंद्री हे नाव आईने ठेवलेलं. हजेरीपटावर दुसरं होतं, पण घरात ते कुणाला आठवत नसे. नववीतली ही मुलगी दात घासताना विचारात पडली की ब्रश सुकल्यावरच भानावर यायची. त्या दुपारीही निघता निघता ती रंगाचे हात धुवायला मोरीत गेली आणि नळ पुरा उघडला. पाणी गेलेलं होतं. मग ती खिडकीतून एका पांढऱ्या ढगाकडे बघत उभी राहिली. ढगाला हळूहळू शेपटी फुटत होती. "अगं, येतेस की जाऊ?" आई ओरडली, तशी ती फ्रॉकला हात पुसत धावली.

बाबांचा आज नोकरीतला शेवटचा दिवस होता. पंपघरातलं मोठं चाक फिरवून गावाला पाणी सोडायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. घर मात्र चढावर, नळाच्या लाइनीच्या अगदी टोकाला. रोज घरी आले की चपला काढायच्या आधी ते विचारायचे, "आज जोर कसा होता?"

"करंगळीएवढा," आई म्हणायची.

साऱ्या गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या घरी करंगळीएवढी धार! बाबा चपला काढायचे.

"आज संध्याकाळचं पाणी मीच सोडणार," त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. "शेवटचं. तुम्ही दोघी शेजारी उभ्या राहा." पाणी सहाला सुटायचं आणि निरोपाची भाषणं त्याआधी आटोपणार होती. उशीर झालाच तर पंपघरातला नवा माणूस कुणाची वाट बघणार नव्हता. सहा म्हणजे सहा, हे त्याला बाबांनीच घोटून घोटून शिकवलं होतं!

तर तंद्रीने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. साहेबांचं भाषण झालं की बाबांच्या कामाचे फोटो दाखवायचे होते. तोवर भिंतीवर तिने फुलांचं चित्र लावलं. शाळेत कॉम्प्युटरच्या बाईंनी सांगितलं होतं, "इथे दिसतं तेच भिंतीवर दाखवता येतं, किंवा दोन्हीकडे वेगवेगळं ठेवता येतं." वेगवेगळं कसं ठेवायचं हेही बाईंनी सांगितलं होतं, पण तेव्हा शाळेच्या खिडकीबाहेर एक घार फार सुंदर गिरक्या घेत होती. तंद्रीची समजूत अशी झाली, की कुठलं चारचौघांना दाखवायचं आणि कुठलं आपल्यापुरतं, हे कॉम्प्युटरला आपलं आपण कळतं.

व्यासपीठावर साहेब, बाबा आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी तंद्री. तिघांचीही भिंतीकडे पाठ.

साहेब बोलू लागले. त्यांचा आवाज पंपासारखा एका सुरात चालायचा. तंद्रीचे डोळे जड झाले, मन तरंगू लागलं. तिने चित्रं काढायचा प्रोग्राम उघडला आणि सभागृहात निळं पाणी भरलं. खुर्च्या तरंगायला लागल्या. माणसं खुर्च्यांसकट अलगद खिडकीतून बाहेर निघाली. मधोमध तिने एक गलेलठ्ठ देवमासा काढला. त्याला साहेबांचा चष्मा घातला, टाय बांधला आणि डोक्यातून कारंजं उडवलं.

सभागृहात खसखस पिकली. साहेब नुकतेच म्हणाले होते, "आमच्या खात्यात शिस्त महत्त्वाची!" त्यांना वाटलं, वा, विनोद झाला! त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि आपल्या लहानपणापासून सुरुवात केली.

पहिल्या रांगेतून आई बोटाने भिंत दाखवू लागली. तंद्री ताठ बसली. आईने हवेतच पुसल्यासारखं केलं. तंद्रीने नाक पुसलं. आईने कपाळाला हात लावला, तेव्हा तंद्रीने बटा मागे सारल्या आणि होडी काढायला घेतली. होडीत बाबा, हातात पंपघराचं चाक. पण होडी पुढे सरकेना, कारण वाटेत देवमासा आडवा पसरलेला! लोक पोट धरून हसायला लागले.

"अजून एक किस्सा आठवला!" साहेब म्हणाले.

बाबा समोरच्या घड्याळाकडे बघत होते. मग ते तंद्रीकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "राहू दे गं. गेलंच म्हणायचं ते पाणी."

तंद्रीने घड्याळाकडे पाहिलं. बाबांना एवढी एकच गोष्ट हवी होती! साहेबांना थांबवायचं धाडस तिच्यात नव्हतं. काय करावं ते न सुचून तिने पाणी, खुर्च्या सगळं पुसून टाकलं. देवमासा तेवढा राहिला. त्याच्यामागे तिने मोठं चाक काढलं आणि चाकाशी एकटे उभे असलेले बाबा.

हसणं थांबलं. दाद थांबली तसे साहेबही अडखळले. सगळे कुठे बघताहेत म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. तंद्रीनेही पाहिलं.

"हे... तिकडे पण दिसतं?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

साहेबांनी देवमाशाचा चष्मा पाहिला. स्वतःचा चाचपला. मग टाय चाचपला. मग चाकाशी उभे असलेले बाबा पाहिले आणि शेवटी घड्याळ.

"पाणी मीच अडवलंय होय!" ते म्हणाले. "अहो, उठा, पळा!"

सगळी कचेरी पंपघराकडे धावली. नव्या माणसाचा हात चाकावर पडलाच होता.

"थांब!" बाबा ओरडले. त्यांना एवढं मोठं ओरडता येतं, हे आईलाही माहीत नव्हतं.

बाबा, आई आणि तंद्री, तिघांनी मिळून चाक फिरवलं. बाबा रोज अर्ध्यावर थांबायचे, तसा हुकूमच होता. आज त्यांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान डोलावली आणि बाबांनी चाक पुरं उघडलं. नळ घुमायला लागले. तंद्रीने डोळे मिटले. तिला ते पाणी जाताना दिसत होतं: रस्त्यांखालून, दुकानांखालून, शाळेच्या भिंतीला वळसा घालून, चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत. तिला फार बरं वाटलं.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. आई कुलूप काढून आत गेली. बाबांनी दारातच, सवयीने विचारलं, "आज जोर कसा होता?"

आतून एक चप्पल संथपणे तरंगत आली, उंबऱ्याला टेकली आणि परत फिरली. तंद्रीला दुपारचा तो शेपटीचा ढग आठवला.

"घोट्यापर्यंत!" आई ओरडली.

बाबा दारात तसेच उभे राहिले. तंद्रीने चोरून वर पाहिलं. त्यांचं तोंड आनंदाने नुसतं फुलून आलं होतं.