कोऱ्या नळीत रंग

थेंबताईने चार नोकऱ्यांसाठी पाच अर्ज लिहिले आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली.

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिने अकरा वर्षं काढली होती. नळीत रसायन सोडताना ती नेमक्या थेंबाला थांबायची, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं. पुढे घरचेही तेच म्हणू लागले. तीन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळा बंद पडली. आता चार जागा निघाल्या होत्या: दूध प्रकल्पाची प्रयोगशाळा, एक शाळा, गाद्यांचा कारखाना आणि रंगांची कंपनी. यांतली दुधाची जागा म्हणजे तिचं खरं काम. बाकीच्या तीन नाइलाजाच्या.

"एकच अर्ज चौघांना पाठव की," धाकटा भाऊ म्हणाला.

"एकाच मापाचा सदरा चौघांना बसतो का रे?" आईने शिलाई मशीनवरून विचारलं. लोकांचे कपडे शिवण्यात तिची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे हा मुद्दा तिथेच मिटला.

थेंबताईने प्रत्येक जागेचं माप घेऊन एकेक अर्ज लिहिला. शिवाय प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे एक कोरा. तपासणीत पहिली नळी कोरी असते. तिच्यात नमुना घालत नाहीत. बाकीच्या नळ्यांचा रंग तिच्याशी ताडून बघायचा. कोऱ्या नळीतच रंग आला, तर सगळी तपासणी बाद. कोऱ्या अर्जात चारच वाक्यं होती: "मला अचूक काम करता येतं. जे येत नाही ते शिकेन. चूक झाली तर स्वतः सांगेन. भेटीची वेळ द्यावी."

आईने पाचही अर्ज ऐकून गुण दिले. दुधाच्या अर्जाला दहापैकी नऊ, कोऱ्याला शून्य.

"यात काहीच नाही गं!"

"नसायलाच हवं," थेंबताई समाधानाने म्हणाली.

संगणक भावाचा होता आणि तो कुणाला हात लावू देत नसे. थेंबताईने त्याला चार पत्ते दिले आणि सांगितलं, "क्रमाने एकेक पाठव." भाऊ कुरिअरच्या कचेरीत होता. त्याने पहिला अर्ज पहिल्या पत्त्यावर, दुसरा दुसऱ्यावर असं चोख काम केलं आणि म्हणाला, "ताई, एक अर्ज उरला. रंगांचा. कुणाला देऊ?"

थेंबताईने पडद्यावरची यादी वाचली. पहिला अर्ज कोरा होता, शून्य नंबरचा. तो दुधाला गेला होता. दुधाचा शाळेला, शाळेचा गाद्यांना आणि गाद्यांचा रंगांना.

"म्हणजे शाळेने काय वाचलं?" आईने विचारलं.

"लहानपणापासून मला दुधाच्या आंबटपणाचं कुतूहल आहे."

"आणि रंगवाल्यांनी?"

"झोप हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे."

"पहिल्याचा नंबर शून्य असतो हे मला काय स्वप्न पडणार होतं?" भाऊ भडकला. "आजवर माझं एक पार्सल चुकलं नाही!"

"फाइलवर लिहिलं होतं, शून्य!"

"मला वाटलं, आईने दिलेले गुण आहेत!"

यावर बराच वेळ भांडण झालं. शेवटी भाऊ म्हणाला, "गप्प बस. अर्ज वाचतो कोण?" पण चुकीचा अहवाल बाहेर गेला, की दुरुस्तीचा अहवाल पाठवायचा, त्यात चूक का झाली ते लिहायचं, हे थेंबताईच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. तिने चौघांनाही योग्य अर्ज पाठवला आणि सोबत एक तक्ता जोडला: कोणता अर्ज, कुठे जायला हवा होता, कुठे गेला.

तक्ता बिनचूक होता. त्यामुळेच चौघांनाही कळलं, की ही बाई आणखी तीन ठिकाणी उभी आहे. शिवाय कोरा सोडून प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक वाक्य होतं: "आपल्याकडे काम करणं हे माझं एकमेव स्वप्न आहे."

रंगवाल्यांचं उत्तर तासाभरात आलं: "एकमेव म्हणजे एकूण किती, ते कळवावे." गाद्यांवाल्यांनी विचारलं, कारखान्यात मुलं नाहीत, चालेल का? शाळेने जागा भरल्याचं कळवलं. दूध प्रकल्प तीन दिवस गप्प होता. चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. समोर दोन्ही अर्ज आणि तक्ता.

"चूक कळल्यावर किती वेळात कळवलंत?"

"चाळीस मिनिटांत."

"एवढा वेळ?"

"मध्ये भावाशी भांडण झालं."

बाईंनी मान डोलावली. "गेल्या महिन्यात इथे एकाने चुकलेला आकडा दोन दिवस दाबून ठेवला. अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. मला स्वतःहून सांगणारं माणूस हवंय." मग त्यांनी एक कागद उचलला. "पण हा दुसरा अर्ज कशाला पाठवलात हो? आंबटपणाचं कुतूहल! बावीस वर्षं झाली मला इथे, मला नाही वाटलं कधी. पहिला छान होता. सोमवारी या, आठ वाजता."

थेंबताई घरी आली. आईने मशीन थांबवलं. भावाने अंदाज घेत विचारलं, "माझ्यामुळे गेली ना?"

"तुझ्यामुळे लागली," ती म्हणाली आणि आधी वही उघडून बसली. तारीख घातली, रेघ मारली आणि शिस्तीने निष्कर्ष लिहिला:

"कोऱ्या नळीत रंग आला. तपासणी बाद. नोकरी लागली."