तारण दिलेली खिडकी

घर माणसाने राहण्यासाठी बांधायचे असते हा समज फार जुना आहे, आणि त्यापायी जगातल्या कितीतरी चांगल्या घरांची नासाडी झालेली आहे. माणूस घरात राहू लागला की जमीन झिजते, भिंतींवर डोक्याच्या तेलाचे डाग पडतात आणि चुलीच्या धुराने आढे काळे होते. ज्या घरात कोणीच राहत नाही ते घर नवेच्या नवे राहते (छप्पर गळत नसेल तर). ही साधी गोष्ट शहरातल्या विद्वानांना कळायला अजून वेळ आहे. दवनीवाड्यात मात्र ती १९५४ सालीच कळली, आणि याचे सगळे श्रेय तिथल्या गृहसुधार सहकारी मंडळीला आणि तिचे सेक्रेटरी यादोराव यांना जाते.

दुधराम हा या मंडळीचा पहिला कर्जदार. तो बिडीच्या कारखान्यात चेकर होता. बायका घरी वळून आणत त्या बिड्या तपासायच्या, सैल, वाकड्या, फुटक्या असतील त्या छाटून बाजूला टाकायच्या आणि तेवढी मजुरी कापायची, हे त्याचे काम. त्याची बायको प्रेमिला त्याच कारखान्याच्या बिड्या वळायची. म्हणजे दिवसभर ती वळायची आणि संध्याकाळी तिचा नवरा छाटायचा. संसारात कामाची इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या जोडप्यांना साधते. (रात्री भाजीत मीठ किती पडायचे ते त्या दिवशीच्या छाटीवर ठरत असे, आणि दुधराम ते न बोलता खात असे.)

प्रेमिलाच्या बिड्या पूर्वी छाटीत जात नसत. हल्ली जायला लागल्या होत्या, कारण तिला कमी दिसायला लागले होते आणि पुढच्या खोलीला खिडकीच नव्हती. अंगणात बसले की वाऱ्याने तंबाखू उडे आणि भिजवलेली पाने कडक होत. दारात बसले की सासू देवकाबाई आणि मुलगी शामकला तिला ओलांडून जा-ये करत. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर तिने नवऱ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितले.

"एक खिडकी पाडून द्या ना मले," ती म्हणाली. "उजेडात बसीन. डोळे फुटून राहिले माहे."

दुधरामला फार वाईट वाटले. बायकोच्या बिड्या बाजूला टाकताना त्याचा हात रोज अडखळत असे, पण मालकासमोर हात अडखळून चालत नाही. त्याने मंडळीकडे खिडकीसाठी अर्ज केला.

यादोरावांनी अर्जाचा सर्व बाजूंनी विचार केला. मंडळी फक्त सुधारणेसाठी कर्ज देत असे. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेले भोक, आणि भोकामुळे भिंत कमी होते. कमी होण्याला सुधारणा म्हणता येत नाही. मात्र भोकाला सागाची चौकट, चौकटीला काच, काचेसमोर फरशी, फरशीवर गादीची खुर्ची आणि या सर्वांभोवती चुन्याचा हात असेल, तर मधल्या भोकाकडे मंडळी दुर्लक्ष करू शकते. अशा रीतीने खिडकीसाठी मागितलेले कर्ज चौपट मंजूर झाले. मंडळीच्या वार्षिक अहवालात गावातील सुधारलेल्या घरांची संख्या शून्यावरून एकवर गेली. शून्यावरून झालेली वाढ टक्क्यांत बसत नाही, म्हणून यादोरावांनी ती 'अगणित' अशी नोंदवली.

खोली खरोखरच देखणी झाली. प्रेमिलाने खिडकीखाली बसून मांडीवर सूप घेतले आणि वळायला सुरुवात केली. त्या आठवड्यात तिची एकही बिडी छाटीत गेली नाही. मग यादोराव पाहणीला आले.

"वहिनी, हे काय चालवलंय?"

"बिड्या वळून राहिली, भाऊजी."

"तारणावर बसून?"

त्यांनी कलम नऊ वाचून दाखवले. सुधारलेली बाजू ही मंडळीचे तारण असून कर्ज फिटेपर्यंत ती सुधारलेल्या अवस्थेतच ठेवणे कर्जदारावर बंधनकारक राहील. फरशीवर तंबाखू सांडत होती. भिंतीला प्रेमिलाची पाठ लागत होती. खुर्चीवर देवकाबाई एकदा बसल्याचा संशय होता (त्यांनी तो नाकारला नाही, उलट गादी टोचते अशी तक्रार केली). यादोराव कठोर नव्हते. घरात राहायला त्यांनी कोणालाच मनाई केली नाही, फक्त झीज न करता राहा एवढेच सांगितले. श्वासाची वाफ काचेवर धरते, इकडेही त्यांनी जाताजाता लक्ष वेधले.

झीज न करता राहण्याचा प्रयत्न कुटुंबाने चार दिवस केला. मग सगळे मागच्या गुरांच्या कोठ्यात राहायला गेले. कोठ्यात म्हैस होती, तिला अंगणात आंब्याखाली बांधले. म्हशीच्या नावावर कर्ज नसल्यामुळे तिने पहिल्या दिवशी बराच आरडाओरडा केला, पुढे तीही रुळली.

कोठ्यात अर्थातच खिडकी नव्हती. प्रेमिलाच्या बिड्या पुन्हा सैल निघू लागल्या, छाट वाढली, मजुरी घटली आणि हप्ता थकला. हप्ता थकल्यावर तारण धोक्यात येते, म्हणून मंडळीने त्यावर पहारेकरी नेमायचे ठरवले. पहाऱ्याचा पगार नियमाप्रमाणे कर्जदाराच्या खात्यावर टाकायचा होता. दुधरामला हप्त्यासाठी जोडधंदा हवाच होता. त्याने अर्ज केला आणि अनुभवी माणूस म्हणून त्यालाच ती जागा मिळाली. आता दुधराम आपला पगार आपणच भरू लागला आणि आपणच उचलू लागला (मध्ये दोन आणे व्यवस्थापन खर्च). सकाळी कारखाना, संध्याकाळी छाट, त्यानंतर हातात काठी घेऊन आपल्या घराचे आपल्या माणसांपासून रक्षण, असा त्याचा दिवस भरगच्च झाला. घरासाठी वेळ देत नाही, असे त्याला आता कोणी म्हणू शकत नव्हते.

"आपल्याच घराच्या दारात काठी घेऊन उभा राहते," देवकाबाई कोठ्यातून म्हणत. "कायले रे बाप्पा असा जन्मला?"

दुधराम काठी दुसऱ्या हातात घेई. ड्यूटीवर नातेवाइकांशी बोलणे मना होते.

दिवाळी झाली आणि गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, आली. मंडईला या भागात घरोघर पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचे नाटक पाहतात आणि दिवसा यजमानाच्या घरी झोपतात. पाहुण्यांचे काय करावे, असा प्रश्न मंडळीसमोर उभा राहिला. यादोरावांनी निर्णय दिला की पाहुण्याने केलेली झीज ही झीज नसून प्रसिद्धी आहे. पाहुणा आपल्या गावी जाऊन सुधारणेचे वर्णन करतो, आणि त्यातून नवे कर्जदार मिळतात. सबब पाहुण्यांना खोली खुली करावी, घरच्यांनी मात्र घरच्यांसारखे राहावे.

हे ऐकून प्रेमिलाने मंडईच्या दोन दिवस आधी गाठोडे बांधले आणि ती केशोरीला माहेरी निघून गेली. मंडईच्या सकाळी तिचा भाऊ कवडू बैलगाडीतून उतरला. त्याच्यामागून डोक्यावर गाठोडे घेतलेली प्रेमिला उतरली आणि थेट पुढच्या दारात आली. दुधरामने काठी आडवी धरली.

"कोन?"

"पाव्हनी हाव. केशोरीहून आली."

"शामकलाची माय, काऊन गंमत करून राहिली?"

"आज मी कोनाची माय नाही. कवडूभाऊची बहीन हाव. पाय धुवाले पानी द्या."

दुधरामने काठी अर्धी खाली केली. इकडे कलम नऊ होते, तिकडे मंडईची रीत होती, आणि कवडू दात काढून हसत होता.

"दे ना रे पानी!" कोठ्यातून देवकाबाई ओरडल्या. "मंडईचा पाव्हना दारातून वापस गेला त गावाले तोंड कसा दाखवशीन?"

दुधरामने तांब्या पुढे केला. प्रेमिलाने पाय धुतले, आत गेली आणि खिडकीखाली बसली. यादोरावांना बोलावणे गेले. त्यांनी गाठोडे उघडून पाहिले, बैलगाडी पाहिली, कवडूला दोन प्रश्न विचारले आणि ती नियमाप्रमाणे पाहुणीच असल्याचे मान्य केले. मात्र गाठोड्यातले सूप त्यांनी बाहेर ठेवायला लावले. पाहुण्याकडून काम करून घेणे हा यजमानाचा कमीपणा असतो, आणि कर्जदाराचा कमीपणा म्हणजे मंडळीचाच कमीपणा.

म्हणून मंडईचे दिवस प्रेमिला हवा तेवढा उजेड अंगावर घेऊन रिकाम्या हाताने बसून राहिली. दुधराम तिला जेवायला वाढायला आत गेला, तेव्हा त्या उजेडात त्याला तिची बोटे दिसली. टोके फाटलेली होती. डोळे लाल होते आणि ताटातली भाकर ती चाचपून घेत होती. कोठ्याच्या अंधारात हे त्याला कधी दिसले नव्हते, आणि छाटताना तो फक्त बिड्यांकडे पाहत असे. त्याला रडू आले. पहारेकऱ्याने ड्यूटीवर रडावे अशी तरतूद नसल्यामुळे तो बाहेर जाऊन म्हशीजवळ उभा राहिला.

त्याने तेव्हाच मनाशी ठरवले की काहीही होवो, हे कर्ज फेडायचे आणि हिला या खिडकीत बसवायचे. मग पुढची दोन वर्षे त्या कुटुंबाने जे केले ते मंडळीने आदर्श म्हणून सर्वत्र सांगावे असेच होते. म्हशीचे दूध घरात येणे बंद झाले. देवकाबाईंनी पान खाणे सोडले. शामकला शाळा सोडून आईशेजारी पाने कापायला बसली. दुधराम कारखान्यातून येताना चहाच्या दुकानासमोरून डोळे मिटून चालू लागला (एकदा नालीत पडला, पण चहा प्याला नाही). प्रेमिला अंधारात बोटांच्या अंदाजाने वळत राहिली.

आणि कर्ज फिटले. यादोरावांनी दुधरामला हार घातला. पाच-पंचवीस माणसे जमली होती.

"दुधरामभाऊ, आजपासून घर तुमचं," यादोराव म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, कारण मंडळीचा नियमित हप्ता भरणारा एकमेव कर्जदार त्यांच्या हातून सुटत होता. "आता त्यात काय वाटेल ते करा."

माणसे पांगल्यावर दुधरामने काठी फेकून दिली आणि बायकोला हाक मारली. प्रेमिला सूप घेऊन आली. ती खिडकीखाली बसली. तिने पानांची जुडी सोडली, तंबाखूची चिमूट घेतली, आणि तिचा हात तसाच थांबला. तिने खाली वाकून फरशी पाहिली. मग चिमूट परत सुपात ठेवली, पदराने फरशीचा एक कोपरा पुसला आणि ती उठली.

"का झाला? उठली काऊन?"

"तंबाखू सांडन ना," ती म्हणाली. "दोन वरस पोटाले चिमटे घेतले हिच्यासाठी. आता का हिच्यावर कचरा करू?"

"अवो, तुह्याचसाठी तं केली होती हे खिडकी!"

"माहित आहे मले. चांगली आहे खिडकी. खराब कायले करता?"

ती कोठ्यात गेली. दुधरामने देवकाबाईंकडे पाहिले. देवकाबाई आत जायला निघालेल्या होत्या, त्या दारात थबकल्या, त्यांनी आपल्या पायांकडे पाहिले आणि मागे फिरल्या. दुसऱ्या दिवशी उन्हाने खुर्चीच्या गादीचा रंग उडतो म्हणून शामकलाने खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. संध्याकाळी दुधराम नेहमीप्रमाणे कारखान्यात बसला. प्रेमिलाच्या बऱ्याच बिड्या सैल निघाल्या. त्याने त्या छाटून बाजूला टाकल्या.

दवनीवाड्याच्या या माणसांना हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. फक्त हसण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरातले काचेचे कपाट उघडून त्यातल्या चांगल्या कपात स्वतःसाठी एक कप चहा ओतून घ्यावा. हात पुढे होत नसेल, तर आपल्या घरचा सेक्रेटरी कोण आहे ते मंडळीला कळवावे. कर्ज कधीचेच फिटलेले असूनही इतकी चोख पाहणी ठेवणाऱ्या माणसाचा जाहीर सत्कार करण्याची मंडळीची इच्छा आहे.